अन्नसेवनविकृती व संयुक्त बाह्यरुग्णसेवा

अन्न उपलब्ध असताना ते हेतुतः टाळणे किंवा अत्यल्प घेणे, अथवा थोड्या वेळात प्रमाणाबाहेर खाऊन नंतर ओकारी, रेचके, उपास किंवा अतिव्यायाम यांनी त्याची भरपाई करणे आणि त्यामुळे शरीराचे पोषण व व्यक्तीचे मानसिक आणि सामाजिक जीवन बिघडणे, या विकारसमूहास अन्नसेवनविकृती म्हणतात. मनोजन्य क्षुधानाश म्हणजेच ॲनोरेक्सिया नर्व्होझा, अतिभक्षण-वमन विकृती म्हणजेच बुलिमिया नर्व्होझा आणि भरपाईवाचून वारंवार होणारे अतिभक्षण हे तिचे प्रमुख प्रकार होत. पौगंडावस्थेतील व तरुण वयातील स्त्रियांत हे विकार अधिक आढळतात. पुरुषही त्यांपासून मुक्त नसतात. या विकारांतील मृत्यू उपासमारीने उद्‌भवणाऱ्या शारीरिक उपद्रवांमुळे, त्याचप्रमाणे आत्महत्येमुळे घडून येतात. म्हणून एकट्या कायचिकित्सकाला किंवा एकट्या मानसचिकित्सकाला हा रुग्ण पुरतेपणी हाताळता येत नाही. दोघांनी एकाच ठिकाणी, एकाच नोंदपत्रावर आणि शक्यतो रुग्णाला घरी ठेवून उपचार करण्याच्या पद्धतीस संयुक्त बाह्यरुग्णसेवा असे म्हणता येईल. या पद्धतीचा उगम पश्चिमेकडील रुग्णालयांत झाला असला, तरी तिला अनुकूल अशी व्यवस्था महाराष्ट्रात मुंबईच्या सर्वसाधारण रुग्णालयांत १९३८ पासून आकारास येत गेली. नाशिक जिल्ह्यातील पेठसारख्या डोंगराळ तालुक्यात मात्र न जेवणे आणि जेवायला नसणे यांतील भेद ओळखणे हाच या सेवेपुढील पहिला प्रश्न ठरतो.

प्राचीन व प्रारंभिक कल्पना : अन्नावरील अनिच्छेचा मनाशी असलेला संबंध भारतीय वैद्यकाला अपरिचित नव्हता. आयुर्वेदात अरोचक हा स्वतंत्र विकार मानलेला असून वात, पित्त व कफ या दोषांपासून, तिन्हींच्या सन्निपातापासून आणि शोक, भय, अतिलोभ, क्रोध इ. मानसिक कारणांपासून होणारे असे त्याचे प्रकार सांगितले आहेत. न शमणाऱ्या भुकेच्या विकारास भस्मक हे नाव होते. मराठी बोलण्यातही ‘अन्नावर वासना नाही’ या प्रयोगात भूक व इच्छा या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. यूरोपात रिचर्ड मॉर्टन (१६३७–९८) या इंग्रज वैद्याने १६८९ मध्ये क्षयरोगावरील आपल्या ग्रंथात खोकला, ताप अशी लक्षणे नसताना केवळ मनाच्या क्लेशाने झिजत जाणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले व या अवस्थेस त्याने मज्जासंस्थाजन्य क्षय म्हटले. क्षयरोगाच्या ग्रंथात हा विकार प्रथम नोंदला जावा, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने सूचक आहे. कारण अशा रुग्णांना क्षयरोगी समजण्याची चूक त्यानंतरही दीर्घकाळ होत राहिली.

आधुनिक अर्थाने या विकाराचे वर्णन १८७३ मध्ये पॅरिसमध्ये शार्ल लासेग (१८१६–८३) आणि लंडनमध्ये विल्यम गल (१८१६–९०) यांनी स्वतंत्रपणे केले. गल हा कायचिकित्सक होता. त्याने नाडी, श्वसन व शरीराचे तापमान यांत होणारी घट नोंदवली आणि ठराविक अंतराने अन्न देण्यावर भर दिला. लासेगने घरातील मंडळींची मनधरणी, धाकदपटशा व चिंता यांचे बारकाईने वर्णन केले. कुटुंबाचे वर्तन रुग्णाच्या वर्तनाशी निगडित असते हे त्याने दाखविले. म्हणजे प्रारंभीच एकाने शरीराची आणि दुसऱ्याने मनाची बाजू मांडली होती. उपचाराच्या बाबतीत मात्र आप्तेष्टांपासून रुग्णाला दूर ठेवावे, हे मत पुढे बराच काळ रूढ राहिले.

शरीर व मन यांची फारकत : हॅम्बर्ग येथील मॉरिस सिमंड्‌स (१८५५–१९२५) या विकृतिवैज्ञानिकाने १९१४ मध्ये पोष ग्रंथीच्या नाशामुळे झालेल्या कृशतेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर सु. पंचवीस वर्षे अनेक कृश तरुणींचा विकार पोष ग्रंथीचा मानला गेला व त्यांना ग्रंथींचे अर्क देण्यात आले. पोष ग्रंथीच्या खऱ्या विकारात अतिकृशता हे नेहमीचे लक्षण नसते, हे १९३०–४० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाल्यावर हा विकार पुन्हा मानसचिकित्सेच्या कक्षेत आला. तथापि आता दुसऱ्या टोकाची चूक घडू लागली. अन्न नाकारण्यामागील अबोध अर्थ उलगडण्यात दीर्घ काळ जाई आणि तेवढ्या अवधीत रुग्णाचे वजन घटत राही. शरीर आधी की मन आधी, हा वाद तर्काने सुटला नाही. तो सुटण्यास उपासमारीच्या प्रत्यक्ष अभ्यासाने साहाय्य केले.

उपासमारीचे मनावरील परिणाम : अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीझ (१९०४–२००४) यांनी १९४४-४५ मध्ये युद्धास नैतिक विरोध असणाऱ्या ३६ निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग केला. सहा महिने त्यांना अपुरा आहार देण्यात आला आणि त्यांचे वजन सु. एक-चतुर्थांशाने घटले. या मुळात स्वस्थ असलेल्या तरुणांत विषण्णता, चिडचिड व एकलकोंडेपणा उत्पन्न झाला. ते सतत अन्नाचा विचार करीत, पाककृतींची पुस्तके वाचीत, ताटातील अन्न तासन्‌तास पुरवून खात. पुन्हा पुरेसे अन्न मिळू लागल्यावर काहींना खाणे आवरता येईना. जी लक्षणे केवळ मनोविकाराची समजली जात होती, त्यांतील बरीचशी उपासमारीनेच निर्माण होतात, हे या प्रयोगाने दिसून आले. १९५० मध्ये त्याचा वृत्तांत दोन खंडांत प्रसिद्ध झाला. अतिकृश रुग्णाचे वजन काही प्रमाणात वाढल्याशिवाय मानसोपचार त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत, या आजच्या नियमाचा पाया त्यात आहे.

याच्या उलट बाजूचा पुरावा बालपोषणाच्या क्षेत्रातून मिळाला. सिसिली विल्यम्स (१८९३–१९९२) यांनी १९३३ मध्ये आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट (सध्याचा घाना) येथील बालकांत आढळणाऱ्या प्रथिन-न्यूनताजन्य विकाराचे वर्णन केले व पुढे १९३५ मध्ये त्यास क्वाशिओरकोर हे स्थानिक नाव दिले. पाठचे भावंड आल्यामुळे दूर सारल्या गेलेल्या मुलाचा आजार, असा त्या नावाचा आशय असून अशी मुले निरुत्साही, चिडखोर व अन्नाविषयी उदासीन असतात. एल्सी विडोसन (१९०६–२०००) यांनी महायुद्धोत्तर जर्मनीतील दोन अनाथालयांत केलेली व १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेली निरीक्षणेही बोधप्रद आहेत. एका अनाथालयातील मुलांना जादा अन्न मिळू लागले, पण त्याच सुमारास कठोर स्वभावाची संचालिका तेथे आली आणि मुलांच्या वजनात अपेक्षित वाढ झाली नाही. अन्न पोटात जाण्यास व अंगी लागण्यास मनःस्वास्थ्यही लागते, असा याचा अर्थ होतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या उपाशी कैद्यांना एकदम भरपूर अन्न दिल्यावर त्यांतील काही दगावले. या अवस्थेस पुनर्पोषण लक्षणसमूह म्हणतात. दीर्घ उपासमारीनंतर कार्बोहायड्रेटे पोटात गेली की इन्शुलीन वाढते, रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम कोशिकांत ओढले जातात, ब १ जीवनसत्त्वाची गरज वाढते आणि हृदयाच्या लयीत बिघाड, श्वसनदौर्बल्य किंवा भ्रम उत्पन्न होऊन मृत्यू ओढवू शकतो. म्हणूनच अतिकृश रुग्णास प्रेमाने किंवा बळजबरीने एकाएकी खाऊ घालणे धोक्याचे असते. अन्न हेच औषध असले, तरी त्याची मात्रा ठरवावी लागते.

बाह्यरुग्णसेवेचा विकास : हिल्ड ब्रूक (१९०४–८४) यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात स्वतःच्या देहाच्या प्रतिमेतील विपर्यास व स्वत्वाचा प्रश्न यांकडे लक्ष वेधले. जेरल्ड रसेल (१९२८–२०१८) यांनी १९७९ मध्ये बुलिमिया नर्व्होझा हा विकार वेगळा दाखविला. या रुग्णांचे वजन बहुधा सामान्य असते; परंतु वारंवार ओकारीमुळे पोटॅशियम घटून हृदयास धोका पोहोचतो, दातांचे लुकण झिजते व लालाग्रंथी सुजतात. बाह्यतः धडधाकट दिसणाऱ्या रुग्णाचेही रक्त तपासणे आवश्यक आहे, हे त्यामुळे मान्य झाले. क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी १९८१ पासून या विकारावर बोधन-वर्तन उपचारपद्धती विकसित केली. ती मुळातच बाह्यरुग्णांसाठी होती. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील रसेल व सहकारी यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ८० रुग्णांच्या अभ्यासात, लहान वयात सुरू झालेल्या व फार जुना न झालेल्या मनोजन्य क्षुधानाशात कुटुंबाला उपचारात सहभागी करून घेणे अधिक लाभदायक ठरले. ज्या आईवडिलांना गलच्या काळात दूर ठेवले जाई, त्यांच्याकडेच आता जेवणाची जबाबदारी सोपविण्यात आली. वैद्यकीय निगराणी असेल, तर बहुसंख्य रुग्णांवर घरी राहून उपचार करता येतात, हे मत त्यानंतर दृढ झाले.

संयुक्त बाह्यरुग्ण विभागाची कार्यपद्धती साधी असते. प्रत्येक भेटीत वजन, नाडी, उभ्याने व आडव्याने रक्तदाब आणि तापमान यांची नोंद होते. गरजेनुसार रक्तातील पोटॅशियम, फॉस्फेट, ग्लुकोज व विद्युत् हृल्लेख पाहिला जातो. क्षयरोग, मधुमेह, अवटू ग्रंथीचे विकार, आतड्याचे शोषणविकार व कृमी यांची शक्यता कायचिकित्सक पडताळून पाहतो. त्याच भेटीत मानसचिकित्सक किंवा मानसशास्त्रज्ञ अन्नाविषयीची भीती, विषण्णता व आत्महत्येचे विचार यांची चौकशी करतो. आहारतज्ञ जेवणाच्या वेळा व मात्रा ठरवितो. नाडी अतिशय मंद होणे, मूर्च्छा, पोटॅशियमची तीव्र घट, वजनाची झपाट्याने घट किंवा आत्महत्येचा धोका आढळल्यास रुग्णाला दाखल करतात. घरी ठेवावे की दाखल करावे, हा निर्णय दोघांनी मिळून घ्यावयाचा असतो. रुग्णास एका विभागाने दुसऱ्याकडे चिठ्ठी देऊन पाठविल्यास, दुसऱ्या दारापर्यंत तो पोहोचतोच असे नाही.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात मनोरुग्णांसाठी महाराष्ट्रात वेड्यांची इस्पितळे हीच व्यवस्था होती. नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६) व ठाणे (१९०१) येथील मनोरुग्णालये ही त्या परंपरेतील होत. १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक अधिनियमानुसार तेथील प्रवेश बहुधा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने होई. अन्न न घेणारी, परंतु बोलण्या-चालण्यात सावध असलेली मुलगी अशा संस्थेत जाण्याचा संभव नव्हता; आणि सर्वसाधारण रुग्णालयात मनाचा विचार करणारा विभाग नव्हता. ही कोंडी बाह्यरुग्ण विभागाने फोडली. कलकत्त्याच्या आर. जी. कार वैद्यकीय महाविद्यालयात गिरींद्रशेखर बोस (१८८७–१९५३) यांनी १९३३ मध्ये सर्वसाधारण रुग्णालयातील देशातला पहिला मानसचिकित्सा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. पाठोपाठ १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी असा विभाग काढला. पुढे के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांच्या नेतृत्वाखाली मानसचिकित्सा विभाग वाढला; पातंजल योगावर आधारलेली मनःशारीरिक उपचारपद्धती तेथे अभ्यासली गेली. या विभागांत येण्यास न्यायालयाचा आदेश लागत नसे, नावापुढे वेडाचा शिक्का बसत नसे आणि रक्त तपासणारा व मन तपासणारा हे दोघेही एकाच आवारात असत. अन्नसेवनविकृतीच्या उपचारास जे हवे, ते येथे तिचे नाव फारसे परिचित होण्यापूर्वीच उभे राहिले होते. त्यातच, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर (१९०९–७८) यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबूत राहू देण्याचा जो पायंडा पाडला, त्याने कुटुंब हा उपचाराचाच भाग मानण्याची भारतीय रीत रुजली.

भारतातील रुग्णांचे स्वरूप : मनोजन्य क्षुधानाशाचे भारतीय रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत १९७० नंतरच्या काळात नोंदले जाऊ लागले. खांडेलवाल, शरण व सक्सेना यांनी १९९५ मध्ये वर्णिलेल्या पाच तरुणींत अन्न नाकारणे, सततची ओकारी, वजनात मोठी घट व पाळी बंद होणे ही लक्षणे होती. परंतु लठ्ठ होण्याची भीती किंवा देहप्रतिमेतील विपर्यास आढळला नाही. पोट भरल्यासारखे वाटते, घास उतरत नाही, अन्न पचत नाही, अशा तक्रारी घेऊन रुग्ण प्रथम कायचिकित्सकाकडे येतात, असा त्याचा व्यावहारिक अर्थ आहे. हाँगकाँग येथेही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. लठ्ठपणाच्या भीतीवाचून होणाऱ्या अन्नवर्जनास २०१३ च्या अमेरिकन वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले. पाश्चात्त्य प्रश्नावल्या जशाच्या तशा वापरल्यास येथे फसगत होते. एकादशी, चतुर्थी व श्रावणी सोमवार यांचे उपास, घरातील सर्वांचे झाल्यावर जेवण्याची स्त्रियांची रीत आणि रागावून ताट सारणे हे सर्व मराठी घरात परिचित आहे. यांतील काहीही स्वतः विकार नव्हे. परंतु विकाराला त्यांच्या आडोशाने बरेच दिवस लपून राहता येते. उपास कोणता, हे विचारण्यापेक्षा पारणे होते की नाही, हे विचारणे अधिक उपयुक्त असते.

पेठ तालुक्यातील प्रश्न : पेठ हे नाशिकच्या पश्चिमेस गुजरातच्या सीमेलगत असलेल्या डोंगराळ तालुक्याचे ठाणे होय. पूर्वी हे एक लहान संस्थान होते. १८७८ मध्ये ते खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात समाविष्ट झाले. कोकणा, महादेव कोळी, वारली इ. आदिवासी जमातींची वस्ती येथे प्रामुख्याने आहे. नागली, वरई व भात ही मुख्य पिके असून पाऊस विपुल पडला, तरी उतारावरून पाणी वाहून जाते. खरीप संपल्यावर अनेक कुटुंबे नाशिक-दिंडोरीकडील द्राक्षबागांत मजुरीस जातात. अशा प्रदेशात कृशता ही बहुधा दारिद्र्याची खूण असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या सु. एक-पंचमांश स्त्रियांचा शरीर-वस्तुमान निर्देशांक १८·५ हून कमी आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात प्रौढांमधील मनोजन्य क्षुधानाशासाठी वजनाची मर्यादाही हीच आहे. अर्थात येथे केवळ वजनावरून निदान केल्यास निम्म्या वाटेवरच चूक होईल.

चूक दोन्ही बाजूंनी संभवते. वजन घटलेली, पाळी बंद झालेली शाळकरी मुलगी ग्रामीण रुग्णालयात आली, तर रक्तक्षय किंवा क्षयरोग यांचा विचार प्रथम होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु तपासण्या निर्दोष निघाल्यावर लोहाच्या गोळ्या देऊन तिला परत पाठविले, तर घरात अन्न होते काय, ते तिने नाकारले काय, जेवणानंतर ओकारी होते काय, लग्न, शाळा किंवा घरचे दुःख मनात आहे काय, हे प्रश्न राहून जातात. काही कुटुंबे त्याआधी भगताकडे जाऊन आलेली असतात. त्याबद्दल त्यांना दटावल्यास ती पुन्हा येत नाहीत. उलटपक्षी, अन्नच अपुरे असलेल्या मुलीच्या औदासीन्यास मनोविकार ठरवून गोळ्या देणे हाही अन्यायच होय. मिनेसोटातील प्रयोगाचा धडा येथे तंतोतंत लागू पडतो. शहरातील सुस्थित घरांत याच्या उलट प्रकार घडतो: मनाची चर्चा होते, पण नाडी व पोटॅशियम पाहिले जात नाही.

या कामाचे काही घटक ग्रामीण आरोग्यव्यवस्थेत पूर्वीपासून आहेत. तीव्र कुपोषित बालकांच्या उपचारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा टप्प्यांत प्रारंभी अल्प मात्रेने सावध पोषण आणि नववा टप्पा म्हणून खेळ, स्पर्श व भावनिक आधार यांचा समावेश आहे. पोषण पुनर्वसन केंद्रांतील परिचारिका शरीर व मन यांचा एकत्र विचार आपापल्या परीने करीतच असते. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने ही सेवा प्राथमिक आरोग्यसेवेत मिसळण्याचे धोरण स्वीकारले व १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात पोषण व मानसिक आरोग्य हे दोन्ही विषय आहेत. महाराष्ट्रात त्याची किशोरवयीनांसाठीची केंद्रे मैत्री क्लिनिक या नावाने चालतात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने तर प्राथमिक केंद्रापासून सर्व स्तरांवरील सर्वसाधारण आरोग्यसेवेत मानसिक आरोग्यसेवा समाविष्ट करणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. २०२२ मध्ये टेली-मानस ही दूरध्वनीवरील सेवा सुरू झाली. दूरध्वनीवरून सल्ला मिळतो; वजन, नाडी व रक्तदाब मात्र प्रत्यक्षच पाहावे लागतात.

पेठपासून नाशिक सु. ५५ किमी. असून मार्ग घाटाचा आहे. एका दिवशी रक्ततपासणीसाठी व दुसऱ्या दिवशी मानसचिकित्सकासाठी तेथे जावयाचे, तर मजुरीचे दोन दिवस बुडतात. बहुधा दुसरी फेरी होत नाही. त्यामुळे अशा तालुक्यात संयुक्त बाह्यरुग्णसेवा ही चैनीची बाब ठरत नाही. आठवड्यातून एका ठराविक दिवशी, शक्यतो बाजाराच्या वारी, वैद्य, समुपदेशक व परिचारिका यांनी एकाच खोलीत बसणे, वजनकाटा, रक्तदाबमापक व साधी विद्युत् हृल्लेख यंत्रणा जवळ असणे आणि आशा कार्यकर्तीने घरी जाऊन पाठपुरावा करणे, एवढ्यावर तिचा प्रारंभ होऊ शकतो. सु. दीडशे वर्षांत वैद्यकाने या विकाराबाबत जे हळूहळू आत्मसात केले, त्याचे सार रुग्णाला एकाच बैठकीत दोन प्रश्न विचारण्यात आहे: अन्न मिळते काय आणि ते घ्यावेसे वाटते काय. यांतील एकच प्रश्न विचारला गेला, तर निदान अपुरे राहते. दोन्ही विचारले गेले, तर उपासमारीने झिजणारी व मनाने झिजणारी या दोघींनाही योग्य ती वाट वेळेवर मिळण्याचा संभव वाढतो.